परक्या देहाचे ऋण

बऱ्हाणपूरहून महाराष्ट्राच्या सीमेकडे निघाले म्हणजे इच्छापूर लागते. तेथे टेकडीवर इच्छादेवीचे देऊळ आहे. गेल्या नवरात्रात त्या देवळाच्या पायऱ्या चढताना आम्हांस तीन वेळा बसावे लागले. तिसऱ्या वेळी आमच्याहून वीस वर्षांनी मोठी असलेली एक बाई डोक्यावर नैवेद्याची टोपली घेऊन, आमच्याकडे दयेने पाहत, न थांबता वर निघून गेली. पंचेचाळिशी ओलांडलेल्या वकिलास शिवी सोसते, दया सोसत नाही. पुढच्याच आठवड्यात आम्ही डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी वजन केले, रक्त तपासले, साखर उंबरठ्यावर येऊन उभी असल्याचे सांगितले आणि एक चिठ्ठी लिहून दिली. आठवड्यातून एकदा पोटाच्या कातडीखाली टोचून घ्यावयाचे औषध! "भूक आपोआप कमी होईल," ते म्हणाले.

ज्या गावच्या मावा-जिलेबीसाठी नि दराब्यासाठी लोक गाडी थांबवतात, त्या गावात भूक कमी करण्यासाठी पैसे मोजावेत याचे आम्हांस प्रथम हसू आले. मग थोडी लाजही वाटली. आपल्यावर आपला ताबा नाही, म्हणून सुईचा आधार, असे मनात आले. परंतु ही लाज अनाठायी आहे हे आम्हांस चरकाने शिकविले. चरकसंहितेत अतिस्थूलाचा विचार स्वतंत्रपणे केला आहे आणि त्याच्या कारणांत अतिभोजन व आळस यांच्याबरोबर बीजस्वभावही सांगितला आहे. म्हणजे काहींच्या वाट्याला हा देह जन्मतःच येतो. अतिकृशापेक्षा अतिस्थूलाची चिकित्सा अवघड, असेही त्यात म्हटले आहे. तेव्हा लठ्ठ मनुष्यास नीतीचा उपदेश करून त्याचे वजन उतरत नाही, हे आपल्याकडे फार पूर्वीच ठाऊक होते. औषध घेण्यात पाप नाही. आमचा प्रश्न निराळाच आहे.

वकिलाची एक खोड असते. जमीन घ्यावयाची झाली की तो आधी तिचा पूर्वेतिहास पाहतो. ती कोणाची होती, कोणी कोणास दिली, तिच्यावर कोणाचा बोजा आहे काय. त्याच खोडीने आम्ही या सुईचा पूर्वेतिहास पाहू लागलो.

आपण जेवलो म्हणजे आतड्यातून एक संप्रेरक रक्तात उतरते. ते स्वादुपिंडास साखर आवरण्यास सांगते, जठराची गती मंदावते आणि मेंदूस 'पुरे' असा निरोप देते. परंतु त्याचे आयुष्य अवघ्या दोन-चार मिनिटांचे. अमेरिकेच्या वाळवंटात हिला मॉन्स्टर नावाचा एक विषारी सरडा आहे. त्याच्या विषात याच संप्रेरकासारखे, पण अधिक टिकणारे द्रव्य न्यूयॉर्कच्या डॉ. जॉन एंग यांना सापडले. ही गोष्ट १९९२ ची. त्यावरून झालेले औषध २००५ मध्ये मधुमेहासाठी मान्य झाले. पुढे डेन्मार्कच्या नोव्हो नॉर्डिस्क कंपनीने मानवी संप्रेरकातच फेरफार करून आठवडाभर टिकणारे सेमाग्लुटाइड सिद्ध केले. ते अमेरिकेत २०१७ मध्ये मधुमेहासाठी आणि २०२१ मध्ये वजनासाठी मान्यता पावले. टिर्झेपॅटाइड हे त्याच घराण्यातले पुढचे औषध.

इथवर सारे विद्वानांचे कर्तृत्व. पण सरड्याच्या विषापासून आमच्या पोटापर्यंतच्या या वाटेवर आणखीही माणसे उभी आहेत, आणि खरेदीखतावर त्यांची नावे नाहीत.

सेमाग्लुटाइडची वजनासाठी जी मुख्य चाचणी झाली तिचे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. तीत १९६१ माणसे होती. त्यांपैकी १३०६ जणांस औषध मिळाले व ६५५ जणांस औषधाचा लवलेश नसलेली, दिसण्यात तशीच सुई मिळाली. कोणास काय मिळत आहे हे त्यांनाही ठाऊक नव्हते आणि टोचणी देणाऱ्यांनाही नव्हते. अडुसष्ट आठवडे हे चालले. औषधवाल्यांचे वजन सरासरी १४.९ टक्के उतरले, रित्या सुईवाल्यांचे २.४ टक्के. जगभर जाहिरात झाली ती पहिल्या आकड्याची. पण दुसरा आकडा नसता तर पहिल्यास काही अर्थ राहिला असता काय? आहार-व्यायामाचा सल्ला दोन्ही गटांस दिला होता. वजन औषधाने उतरले की सल्ल्याने, हे त्या ६५५ जणांवाचून कोणीही छातीठोकपणे सांगू शकले नसते. वर्षभराहून अधिक काळ दर आठवड्यास त्यांनी स्वतःस सुई टोचून घेतली, आशा बाळगली, वजनकाट्यावर उभे राहिले आणि निराश झाले. साक्षीदाराने कोर्टात येऊन 'मला काही दिसले नाही' असे प्रामाणिकपणे सांगावे आणि त्याच साक्षीने खटला जिंकला जावा, तसा हा प्रकार आहे. १३०६ जणांपैकीही कित्येकांनी मळमळ व वांत्या सोसल्या आणि शंभरातील सात जणांनी त्रासामुळे औषध मध्येच सोडले.

यावर कोणी म्हणेल की, मग अशा चाचण्याच नकोत. तसे म्हणणाऱ्याने वजनाच्या औषधांचे जुने दप्तर उघडून पाहावे. पहिल्या महायुद्धात फ्रान्समधील दारूगोळ्याच्या कारखान्यांत डायनायट्रोफेनॉल हाताळणारे मजूर रोडावत, काही दगावतही. १९३३ नंतर अमेरिकेत तेच द्रव्य वजन उतरविण्यासाठी सर्रास विकले गेले. माणसे मेली, कित्येकांना मोतीबिंदू झाले, आणि १९३८ च्या नव्या कायद्यानंतर ते बंद पडले. फेनफ्लुरामाइन १९९७ मध्ये मागे घ्यावे लागले, कारण त्याने हृदयाच्या झडपा बिघडत. रिमोनाबांट युरोपात २००६ मध्ये आले आणि मनाच्या विकारांमुळे २००८ मध्ये थांबले. सिब्युट्रामाइन तर एक तपाहून अधिक काळ विकले जात होते. सुमारे दहा हजार माणसांवर झालेल्या चाचणीत हृदयविकार व पक्षाघात वाढल्याचे दिसले तेव्हा २०१० मध्ये अमेरिका-युरोपात आणि २०११ मध्ये भारतात ते बंद झाले. चाचणी टाळली म्हणजे चाचणी होत नाही, असे नव्हे. ती गिऱ्हाइकांवर होते, त्यांना न सांगता, त्यांच्याच पैशाने. तेव्हा कोणाच्या तरी देहावर ही परीक्षा व्हावयाचीच आहे. कोणाच्या, एवढेच ठरवावयाचे उरते.

मार्च २०२५ मध्ये टिर्झेपॅटाइड भारतात आले तेव्हा अडीच मिलिग्रॅमच्या कुपीची किंमत ३,५०० रुपये होती. आठवड्यास एक, म्हणजे महिन्यास चौदा हजार. पुढे मार्च २०२६ मध्ये सेमाग्लुटाइडवरील भारतातील मुख्य पेटंटाची मुदत सरली व देशी कंपन्यांच्या स्वस्त औषधांस वाट मोकळी झाली. ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु नव्या कारखान्यातले औषध मूळच्यासारखेच आहे हे दाखविण्यासाठी पुनः चाचण्या लागतात, आणि त्यांतील काही रुग्णांवर नव्हे तर निरोगी माणसांवर होतात. त्यांस काही दिवस केंद्रात ठेवतात, ठरलेल्या वेळी जेवण देतात, ठरलेल्या वेळी रक्त घेतात आणि मोबदला देऊन घरी पाठवितात. हे आम्हांस पुस्तकी रीतीने ठाऊक होते. प्रत्यक्षात कळले ते आमच्याच बैठकीत.

ज्याच्या वडिलांचा घरभाड्याचा दावा आम्ही एके काळी चालविला होता तो एक तरुण परवा आला. वय पंचवीस, यंत्रमागावर काम करणारा, अंगाने वेताच्या काठीसारखा. आमच्या गावात मागांचा खडखडाट थांबला की गल्लीस कळते, कोणाच्या घरी चूल मंद होणार आहे. त्याचे माग महिनाभर बंद होते. त्या दिवसांत तो एका मोठ्या शहरातील चाचणी-केंद्रात जाऊन आला होता. दीड महिन्याच्या मजुरीइतके पैसे मिळाले, असे तो म्हणाला. संमतीपत्राची हिंदी प्रत त्याने जपून आणली होती. आम्ही औषधाचे नाव वाचले. ते आमच्या चिठ्ठीवरच्या औषधाचेच भावंड होते.

"त्रास झाला काय?" आम्ही विचारले.

"तसं काही नाही, वकीलसाहेब. दोन दिवस उलट्या. पण तिथं जेवण फार चांगलं होतं हो. डाळ, भाजी, दही, सगळं. आणि नेमकी तेव्हाच खायची इच्छा होईना. ताट समोर यायचं आणि मी नुसता बघत बसायचो." आणि तो हसला.

आम्हांस हसता आले नाही. एकाच गावातली दोन माणसे. एक भूक जावी म्हणून पैसे देतो, दुसऱ्याची भूक जाते म्हणून त्यास पैसे मिळतात. आमची भूक हा रोग ठरला होता. त्याची भूक कधीच रोग नव्हती. दिवसभर माग चालविल्यावर न्यायाने मिळवलेली ती भूक होती.

कायदा या तरुणाविषयी काय म्हणतो? आमच्या प्रांतास हा विषय नवा नाही. इंदूरमध्ये झालेल्या औषध-चाचण्यांबाबत गदारोळ झाल्यावर तेथील स्वास्थ्य अधिकार मंच या संस्थेने २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. २०१३ मध्ये न्यायालयाने चाचण्यांवर कडक देखरेखीचे आदेश दिले; भरपाईचे नियम झाले; संमती घेतानाचे दृश्य-ध्वनिमुद्रण आवश्यक ठरले. पुढे २०१९ च्या नियमांत हे मुद्रण सर्वस्वी नव्या द्रव्यांच्या चाचणीतील दुर्बल व्यक्तींपुरते राहिले. जुन्या औषधाच्या नव्या आवृत्तीसाठी हा तरुण कॅमेऱ्यासमोर बसलाच नाही. त्याच नियमांत भरपाईचे एक सूत्र आहे, ते वाचकांनी एकदा पाहण्यासारखे आहे. चाचणीमुळे मृत्यू आल्यास आठ लाख ही मूळ रक्कम धरावयाची, तिला वयाच्या गुणकाने व जोखमीच्या गुणकाने गुणावयाचे आणि ९९.३७ ने भागावयाचे. वयाचा गुणक कामगार नुकसानभरपाईच्या कायद्यातून घेतला आहे; पंचविसाव्या वर्षी तो २१६.९१. जोखमीचा गुणक मरणाच्या दारी असलेल्या रुग्णास अर्धा, आणि निरोगी माणसास चार. म्हणजे या तरुणाचा मृत्यू एकोणसत्तर लाख पंच्याऐंशी हजारांच्या आसपास भरला असता. आम्ही हा हिशेब त्याच्यासमोर केला नाही. परंतु त्या 'चार'मध्ये आम्हांस कायद्याची एक प्रामाणिक कबुली दिसली: आजाऱ्यास औषधापासून निदान काही आशा असते, निरोगी मनुष्यास या व्यवहारात मिळवावयाचे काहीच नाही, गमवावयाचे मात्र सर्व आहे. दोन दिवसांच्या उलट्यांना अर्थात त्या सूत्रात स्थान नाही.

संमतीचे काय? १८७२ चा करार कायदा म्हणतो की, संमती मुक्त हवी. तीवर दडपण वा अनुचित प्रभाव नसावा. पण पैशाची निकड म्हणजे अनुचित प्रभाव नव्हे, असे आमची न्यायालये प्रिव्ही कौन्सिलच्या काळापासून मानीत आली आहेत, आणि व्यवहाराच्या दृष्टीने ते बरोबरही आहे. निकड हे करार मोडण्याचे कारण मानले तर गरिबाशी कोणी करारच करणार नाही. मोबदल्याचे कोडेही तसेच. तो मोठा ठेवावा तर ते प्रलोभन, लहान ठेवावा तर ती लूट. आम्ही संमतीपत्र दोनदा वाचले. त्यात कायद्याच्या दृष्टीने बोट ठेवावे असे एकही वाक्य नव्हते. तरीही ते मिटताना आमच्या मनाचे समाधान झाले नाही.

त्या तरुणानेच आमची पंचाईत वाढविली. तो म्हणाला, "साहेब, मागावर बारा तास उभं राहिलं की छातीत कापसाची धूळ जाते, कान बधिर होतात. माझ्या बापाचा दमा तुम्ही पाहिलाच आहे. तिथं निदान डॉक्टर होते, पलंग होता." यास उत्तर नाही. चाचणी-केंद्र मागापेक्षा वाईट होते असे आम्ही कोणत्या तोंडाने म्हणावे? परंतु या युक्तिवादाने केंद्राचा दोष हलका होतो, आपला होत नाही. उलट आमच्या अंगातील सदऱ्याचाही हिशेब त्यात येऊन मिळतो.

आमची आजी घरी कोंकणी बोले. आजोबा रेल्वेच्या नोकरीसाठी कारवारकडून इकडे आले, तेव्हा ती भाषा तिने पदराच्या गाठीस बांधून आणली होती. वाण्याची उधारी चुकती केली की ती म्हणे, पैसे फिटले. रीण फिटले असे मात्र म्हणत नसे. अडचणीच्या दिवसांत त्याने तांदूळ दिले होते, ते तिच्या लेखी वेगळ्या खात्यावर होते. पैसे देऊन मिटते ते देणे आणि मिटत नाही ते ऋण, हा भेद तिला कोणी शिकविला नव्हता. देवऋण, ऋषिऋण, पितृऋण ही नावे आपण ऐकतो. पण ज्याच्या रक्ताच्या नळ्या मोजून आपल्या औषधाची मात्रा ठरली त्याचे ऋण आपण कोणत्या खात्यावर मांडतो? शिबी राजाने पारव्यासाठी आपले मांस कापून तराजूत घातले. पण शिबी राजा होता, त्याचे पोट भरलेले होते, आणि ज्यास वाचवावयाचे तो पारवा त्याच्या मांडीवर बसला होता. आमच्या तराजूत एका बाजूस आमचे उतरणारे वजन आहे. दुसऱ्या बाजूस कोण आहे ते आम्हांस दिसत नव्हते. मोबदला पोचल्याची सही त्याने केली आहे, म्हणून तो दिसेनासा व्हावा, ही आम्हांस सर्वांत मोठी अडचण वाटते. पैशाने त्याचा वेळ फिटला. त्याची ओळख पुसण्याचा हक्क त्या पैशांत विकत मिळाला नव्हता.

आमच्या गावाखाली १६१५ साली खणलेला कुंडी भंडारा आहे. विहिरींची रांग जमिनीखालच्या बोगद्याने जोडून डोंगरातले पाणी शहरात आणले आहे. तो कोणाच्या अमदानीत झाला, कोणत्या इराणी जाणकाराने आखला, हे वाटाड्या तोंडपाठ सांगतो. त्या अंधारात उतरून कोणी खणले, हे त्यास कोणी विचारीत नाही. आम्हीही कधी विचारले नव्हते.

आम्ही सुई घेत आहो, हे येथे सांगितले पाहिजे. तीन महिने झाले. सात किलो उतरले. औषध थांबविल्यावर वर्षभरात उतरलेल्यांपैकी दोन-तृतीयांश वजन परत आल्याचे त्याच चाचणीतील माणसांनी दाखवून दिले आहे, तेव्हा हा संबंध लवकर सुटणारा नाही. पहिल्या एकादशीस गंमत झाली. दिवसभर भूकच लागली नाही. संध्याकाळी आम्ही पत्नीस म्हटले, "आजचा उपवास घडला म्हणावयाचा की नाही?" ती म्हणाली, "अहो, ज्याने तो तुमच्याऐवजी केला, त्यालाच विचारा." ती थट्टेने बोलली, पण त्या तरुणाची हकीकत तिने पडद्याआडून ऐकली होती.

तो तरुण आमच्याकडे आला होता तो मात्र हकीकत सांगण्यासाठी नव्हे. पहिल्या चाचणीस चार आठवडे झाले होते आणि दुसऱ्या एका केंद्राचे बोलावणे आले होते. तेथील अर्जात प्रश्न होता: गेल्या नव्वद दिवसांत अन्य चाचणीत भाग घेतला आहे काय? "नाही असं लिहिलं तर गुन्हा होतो का, साहेब?" एवढेच त्यास विचारावयाचे होते.

आम्ही त्यास सांगितले की, लिहू नकोस. कायद्याची भीती घातली नाही, कारण सांगितले. पहिले औषध रक्तातून जावयास सुमारे पाच आठवडे लागतात. त्यावर दुसरे घेतले तर देहास धोका, हे एक. दुसरे असे की, त्याच्या रक्तात जे सापडेल ते खोटे असेल, आणि त्या खोट्यावर कोणाची तरी मात्रा ठरेल. "म्हणजे तुमची," तो सरळ म्हणाला. होय, आमची. कोट्यवधींच्या कंपन्या, डॉक्टर, नियामक, या सर्वांचा डोलारा शेवटी एका उपाशी माणसाने एका चौकोनात खरे लिहावे यावर उभा आहे, आणि खरे लिहिल्याबद्दल त्याचे पैसे बुडतात. सत्याची किंमत इतक्या उघडपणे गरिबाकडून वसूल होताना आम्ही वकिलीच्या इतक्या वर्षांत क्वचितच पाहिली आहे.

"मग घरभाडं कशानं देऊ?" त्याने विचारले. हा प्रश्न सल्ल्यात मोडत नव्हता. आम्ही आत जाऊन चौदा हजार रुपये आणले. त्याने ते मोजले, आणि फुकटचे नको म्हणून वचनचिठ्ठीचा आग्रह धरला. आम्ही नको म्हटले, तर तो उठू लागला. शेवटी त्याने सांगितले आणि आम्ही लिहिली. त्याने सही केली, तिकीटही लावून घेतले. या एका रकमेने काही मिटले असे आम्ही समजत नाही. मन शांत करण्याचा तो एक स्वस्त मार्ग असावा, अशीही शंका येते.

माग पुनः सुरू झाले आहेत. दर महिन्याच्या पाच तारखेस तो पाचशे रुपये आणून देतो आणि चिठ्ठीच्या पाठीवर जमा मांडून घेतो. गेल्या पाच तारखेस जाताना त्याने विचारले, "साहेब, बरेच उतरलात. त्रास होतो का?" आम्ही म्हटले, पहिले दोन दिवस झाला. तो म्हणाला, "हो, पहिले दोनच."